आबांचे कान गेले त्याची गोष्ट

माझं नाव मंदा. माहेर लोणी काळभोरचं, वडलांचं भांड्यांचं दुकान होतं तिथं, आणि लग्न होऊन आले ती या कसबा पेठेत, तांबटांच्या घरात. सकाळी डोळे उघडले की ठोक ठोक, जेवताना ठोक ठोक, पहिल्या आठवड्यात मी रडले, आईला म्हटलं मला इथं वेड लागेल, आई म्हणाली लागू दे, सवय होईल, आणि झाली की. काय सांगू तुम्हाला, आता माहेरी गेले तर शांततेनं झोप येत नाही. आमच्या आळीत म्हातारपणी सगळे तांबट बहिरे होतात, त्याचं कुणाला काही वाटतही नाही, चप्पल झिजावी तसे कान झिजतात. इथं नवराबायकोला कुजबुजून भांडता येत नाही, सगळी आळी ऐकते.

फक्त आमचे सासरे वेगळे. आळीत त्यांना आबा म्हणतात, मीही आबाच म्हणते. तरुणपणापासून ते कानात कापसाचे बोळे घालून ठोकायला बसायचे, लोक हसायचे, म्हणायचे स्वतःला गवई समजतो. हसणारे सगळे ठार बहिरे झाले आणि आबांना ऐंशीच्या पुढंही, चमचा पडला तर तो कुठल्या खोलीत पडला ते कळायचं. कान राखले ते गाण्यासाठी. घरात एक ग्रामोफोन होता, खराखुरा, परदेशातून आलेला, पितळेचा पाकळ्यापाकळ्यांचा मोठा भोंगा. एका बंगल्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी भोंग्याचा पोचा काढायला आबांना बोलावलं होतं, तिथं ओळख झाली, पुढं ते गृहस्थ अंथरुणाला खिळले तेव्हा म्हणाले, तांबट, हा तुम्ही न्या, माझी मुलं भंगारात घालतील. तेव्हापासून रोज अंघोळ झाली की आबा किल्ली देणार, तबकडी लावणार, कुणा बाईंची भैरवी, आणि ती संपेपर्यंत घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. नवी असताना मी एकदा मध्येच कुकर लावला तर असं बघितलं माझ्याकडं की दोन दिवस मला भात गिळवेना. राग यायचा मला त्या बाईचा, खोटं कशाला बोलू.

तर हंडे गेले, बंब गेले, लोकांच्या घरी सगळं स्टीलचं नाहीतर प्लास्टिकचं, आणि आमचे हे, म्हणजे मिस्टर, हात बांधून बसले. तेव्हा बुधवार पेठेतले एक शेठ आले, जुन्या वस्तूंचा धंदा करणारे, म्हणाले ग्रामोफोनचे भोंगे करून द्या, शौकीन लोक वेडे झालेत. पेटी दुसरीकडची, आतलं मशीन तिसरीकडचं, भोंगा आमचा, आणि मग ते सगळं माझ्याकडं यायचं. माझं काम नव्याला म्हातारं करायचं. चिंच, मीठ, नवसागराचं पाणी, वरून ओला भुसा लावून पोत्यात गुंडाळून ठेवायचं, पेटीला चुलीचा धूर द्यायचा, जिथं माणसाचा हात लागेल तिथं पॉलिश पेपरनं घासायचं. संसार केलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. लोक येतात, भोंग्यात नाक घालतात आणि म्हणतात, आहाहा, काय जुना वास आहे. घरी नेऊन त्याच्याशेजारी मनी प्लँट ठेवतात. तबकडी एकाच्याही घरी नसते.

आबांना हे पटायचं नाही. पण कारखान्यात यायचे रोज, आणि घागर, कळशी, पूजेचं काही आलं तर स्वतः ठोकायचे. आमच्यात अशी रीत आहे की तांबट कितीही म्हातारा होऊ दे, कान आहेत तोवर तो हातोडी सोडत नाही, कारण पत्रा पातळ झाला की तो आवाजातच कळतो. कान गेले की मात्र खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाल्यावर, चार लोकांसमोर हातोडी मुलाच्या हातात द्यायची. दिली की दिली. परत मागायची नाही.

मग शेठ म्हणाले, मोठ्या हॉटेलात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे, आबांचा ग्रामोफोन द्या, शेजारी आबांच्या नावाची पाटी लावतो. आबा नाही म्हणाले. ह्यांनी चार दिवस त्यांच्या मागं लागून हो म्हणायला लावलं, आपल्या घराचं नाव होईल, आबा, अहो, नाव. गणपतीच्या आधी गेला तो गणपती झाल्यावर आला, आमच्याच चादरीत गुंडाळलेला. मी चादर सोडली, हे बघायला वाकले आणि तसेच राहिले. आमचे हे डावखुरे. पाकळ्या जोडताना त्यांची घडी उलट्या बाजूला पडते, साऱ्या पुण्यात तशी दुसऱ्या कुणाची पडत नाही. समोरच्या भोंग्याच्या सगळ्या घड्या उलट्या. आणि वरचा काळपटपणा माझा. मीच घासलेला, मीच धूर दिलेला, मनात म्हटलं मंदाबाई, काय सुंदर काम केलंय.

हे तसेच पळत शेठकडं गेले. शेठनं चहा मागवला. म्हणाले, अहो, तुमच्या घरातून आलेली वस्तू खरी होती हे तुम्ही कुणाला पटवणार? पोलिसांना? जा की, मी सोडायला येतो. आणि वर म्हणाले, दिवाळीसाठी अजून भोंगे हवेत. ह्यांनी चहा पिऊन ऑर्डर घेतली. घरी येऊन मला म्हणाले, आबांना कळता कामा नये.

दुसऱ्या दिवशी आबांनी अंघोळ करून तबकडी लावली. थोडं ऐकलं आणि म्हणाले, बाईंना सर्दी झाली की काय? सुई बदलली. तबकडी धोतरानं पुसली. भोंग्याजवळ कान नेला, मग दुसरा कान नेला. मग मला म्हणाले, सूनबाई, तुला कसं ऐकू येतंय? मी ह्यांच्याकडं बघितलं, हे माझ्याकडं, आणि हेच बोलले, आबा, नेहमीसारखंच वाजतंय की. आबा म्हणाले, तुमचं बोलणं तर ऐकू येतंय नीट. हे म्हणाले, असंच होतं, आधी बारीक आवाज जातात. पोटच्या पोरानं सांगितल्यावर कोण विश्वास ठेवणार नाही? खंडेनवमीला आबांनी शेजारच्यांना बोलावलं, पूजा केली आणि हातोडी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी घेतली. वाकून नमस्कारही केला. मला त्या वेळी ह्या माणसाची किळस आली, आणि अजून जात नाही.

मग घरात मजाच सुरू झाली. आबा बहिरे, असं एकदा ठरल्यावर जो तो त्यांच्यासमोर वाटेल ते बोलायला लागला. पाहुणे म्हणायचे अजून किती दिवस, आणि आबा पापडाचं ताट त्यांच्याकडं सरकवायचे. एका दुपारी शेठ आले, आबा तिथंच खुर्चीत डोळे मिटून, सवयीनं कानात कापूस, आणि शेठ हसत ह्यांना सांगतात, तुमचा तो खरा माल प्रभात रोडला गेला बरं का, काय आवाज आहे, अजून तसाच गातो, आणि म्हाताऱ्याला बिचाऱ्याला वाटतंय आपले कान गेले. हे पण हसले. काय करणार, गिऱ्हाईक हसलं की हसावं लागतं. मी दारात होते, मी आबांकडं बघत होते. त्यांनी कानातला कापूस काढला, बोटांनी नीट वळला, आणि पुन्हा कानात घातला.

मला वाटलं आता घर पेटणार. काही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तबकडी लावणं बंद झालं आणि आबा कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. एक शौकीन जोडपं आलं, ह्यांनी भोंगा दाखवला, तर आबांनी मोठ्यानं विचारलं, काय रे, हा जुना की नवा? हे म्हणाले, जुना आहे आबा. काय? जुना! ऐकू येत नाही, मोठ्यानं सांग. जुना आहे, जुना! कुणी केलाय? सगळी आळी ठोकायची थांबली. परदेशातला आहे आबा! कुठला? असं तोंड लाल होईपर्यंत ओरडवून घेतलं, जोडपं निघून गेलं.

आता रोज तेच. गिऱ्हाईक आलं की आबा विचारणार आणि हे ओरडणार, आणि आजूबाजूचे तांबट हातोड्या खाली ठेवून ऐकणार. ओट्यावरचे म्हातारे ठार बहिरे आहेत, पण त्यांनाही हे बरोबर ऐकू येतं. ह्यांचा घसा कायमचा बसलाय, डॉक्टर म्हणतात बोलू नका. रात्री मला विचारतात, आबांना कळलंय का गं? मी म्हणते, छे, त्यांना कुठं काय ऐकू येतं.

मला विचाराल तर मी कुणाचीच नाही. आबांनी हातोडी परत मागितली नाही, मागणारही नाहीत, हात नुसते मांडीवर ठेवून बसतात, ते मला बघवत नाही. सकाळी मी खुर्चीमागं जाऊन अगदी हळू म्हणते, आबा, चहा झालाय, आणि ते मागं न बघता हात पुढं करतात. तब्येत त्यांची ठणठणीत आहे. देवाला मी रोज हात जोडते, म्हणते, माझ्या सासऱ्यांना शंभर वर्षं दे, आणि ह्यांनाही दे, दोघांना एकदमच दे.