फॉरेनच्या पैशाचा रुळोबा

...आन वरून मलाच इचारतेत! ‘चांदपाशाभाई, तुमच्या रुळोबाला नारळ चालतं का कोंबडं?’ आता मी काय सांगू? मी मुसलमान मानूस, माझं वावर नुसतं देवाच्या वाटेत येतं, एवढाच माझा गुन्हा! दर गुरुवारी रिक्षा, फटफट्या, पायी मानसं, सगळी माझ्याच बांधावरून, माझी मेथी तुडवीत... तुडवा बाबा, देवाचं काम हाय! पन तुम्हाला सांगतो, हा देव कसा झाला ते त्या मानसांना ठाऊक नाय, आन ज्याला ठाऊक हाय तो गोकुळ तिथंच बसून नारळ फोडतो आन एक शब्द बोलत नाय. त्याच्याकडं पाह्यलं की माझा जीव तुटतो, म्हनून सांगतो.

गोकुळ माझा बांधशेजारी. हर्सूलच्या पुढं आमचं गाव. घरात तो, त्याची आई चतुराबाई आन बाप सांडूआप्पा, कानानं पार गेलेला, असून नसल्यासारखा. गोकुळ वाळूजला कंपनीत जातो, ठेक्यावर... ‘औंदा परमनंट करू’ म्हनतेत आन औंदा ठेकेदारच बदलतो! पोरगं कसं? खाली मान घालून चालनारं, व्यसन नाय, आईला उलटून बोलनं नाय. पन पोरगी कोन देतंय? मालनबाई, आमच्याकडं सोयरिकी जमवनारी, ती दारात आली की आधी कपाळाला हात लावायची. ‘चतुराबाई, पोरीच्या बापाला नोकरी पक्की पायजे, शहरात घर पायजे, आन शेती बी पायजे गं, पन पोरीनं तिच्यात जायचं नाय!’ आता असा नवरा काय शहागंजच्या बाजारात किलोवर मिळतो? दुसऱ्याच्या लग्नात पंगती वाढून वाढून गोकुळच्या कानाजवळचे केस पांढरे व्हाया लागले.

तेवढ्यात आली ही रेल्वे! म्हंजे रेल्वे कुठली येतीय... बातमी आली. मुंबईहून नागपूरला सुसाट पळनारी, डोळ्याचं पातं लवायच्या आत गाव मागं टाकनारी, आन पैसा लावनार फॉरेनवाले. कुठले फॉरेनवाले? कुनी म्हने जपानचे, कुनी म्हने कोरियाचे, हाटेलात एक जन तर जर्मनीवरच अडून बसला. मोजनी झाली, आन रामकिसननं, मोजनीवाल्यांच्या हाताखालचा गडी तो, त्यानं गोकुळच्या वावरात लिंबाखाली गुडघ्याएवढा सिमेंटचा खांब रोवला, लाल-पांढरा, वर आकडा लिव्हलेला. म्हनला, ‘गोकुळभाऊ, नसीब उघडलं! तुमच्या वावरातूनच रूळ जानार.’ गोकुळ म्हनला, ‘खरंच येईल का रे?’ ‘येईल म्हंजे? दुसरा कुनाचा पैसा असता तर मी बी बोललो नसतो. पैसा फॉरेनचा हाय!’

सकाळी खांब रोवला आन दुपारी मालनबाई दारात! स्थळ पिशोरचं, नानासाहेबांची राजनंदिनी, बारावी शिकलेली. नानासाहेब लेकीला घिऊन आले, घर नाय पाह्यलं, पोरगं नाय पाह्यलं, थेट खांबाकडं गेले. भोवती फिरले, हात लावला, हलतो का बघितलं... ‘पक्का हाय,’ म्हनले! गोकुळ नवा शर्ट घालून शेजारी उभा, त्याला कुनी नाव बी इचारलं नाय.

पन पोरीनं इचारलं. बोलायला म्हनून दोघांना जरा बाजूला बसवलं, तर ती म्हनली, ‘हा खांब उद्या निघाला तरी मी येईन. पन आमचे नाना येऊ देनार नायत, हे आधीच सांगते.’ अहो, सोन्यासारखी पोर! गोकुळनं मला ते बांधावर बसून दहा वेळा सांगितलं असंल. आयुष्यात पहिल्यांदा कुनी त्याला पाह्यलं होतं, खांबाला नाय. नानासाहेबांचं बोलनं मातर रोखठोक. ‘लाइन पक्की झाली की साखरपुडा. घाई नाय. पैसा फॉरेनचा हाय, कुठं जातोय!’

आता इथून पुढं चतुराबाई. रोज सकाळी तांब्या घिऊन खांबावर पानी घालायला लागली. मंग हळद-कुंकू. मंग अमावास्येला शेंदूर! गोकुळ म्हनला, ‘आई, सरकारचा खांब हाय तो.’ ‘असू दे की! माझ्या सुनेला घरी आननारा तोच ना? मंग तोच माझा देव.’ हिचं बघून शेजारनीनं शेंदूर लावला, तिचं बघून भावकीनं, आकडा पार बुजून गेला, कुनी चांदीचे डोळे चिकटवले, कुनी वर पत्रा घातला, आन कुन्या टवाळानं नाव ठिवलं रुळोबा. ठिवलं तर ठिवलं, लोकांनी दुसऱ्या दिवशी रुळोबाची आरती केली!

...आन मंग फॉरेनवाले आले. पांढऱ्या गाड्या, डोक्यावर टोप्या, हातात नकाशे. संगट शहरातली उजमा, त्यांची भाषा शिकलेली पोरगी, ती ह्यांचं त्यांना आन त्यांचं ह्यांना सांगनार. सगळं गाव वावरात. नकाशात खांब, आन समोर बघितलं तर डोळे वटारून देव! उजमा गोंधळली. म्हनली, ‘आजी, साहब लोक विचारतायत, हे देवस्थान किती जुनं आहे?’

चतुराबाईला वाटलं, नवा म्हनावं तर उपटून फेकतेल, खांब गेला म्हंजे रेल्वे गेली, आन रेल्वे गेली म्हंजे सून गेली! बाई अशी ताठ उभी राह्यली आन म्हनली, ‘लई जुनं! माझ्या आजेसासूच्या बी आधीचं. जागृत हाय पोरी, जागचं हलवलं तर कोपतंय!’

गोकुळनं तोंड उघडलं. ‘आई, आगं...’ एवढंच. आईनं त्याच्याकडं बघितलं, दोन्ही हात जोडलेले तिचे, डोळ्यात पानी. आता काय म्हनावं लेकरानं? चार गावच्या, परमुलखाच्या मानसांपुढं, माझी आई खोटं बोलतीय म्हनावं? त्यानं रामकिसनकडं बघितलं, खांब ज्यानं आपल्या हातानं रोवला त्याच्याकडं... तर रामकिसन पायातल्या चपला काढून हात जोडून उभा! आन मी? देव त्यांचा, खांब सरकारचा, मी कोन बोलनार हो? उजमानं त्यांच्या भाषेत सांगितलं. फॉरेनवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं, टोप्या काढल्या आन रुळोबापुढं कमरेतून वाकले. चतुराबाई बी वाकली, वाटलं झालं, पास झालो!

गाडीत बसता बसता उजमा गोकुळला म्हनली, ‘भाऊ, मुबारक हो! तुमचा देव वाचला. पैसा देणाऱ्यांची अटच आहे, पूजेच्या जागेला हात लावायचा नाही. लाइन आता नदीपलीकडून जाईल.’ मुबारक! गोकुळ घराकडं वळला. आन घरी आई गॅसवर पुरन शिजवत बसलेली, देवाला निवद म्हनून. तुमच्यानं सांगवलं असतं का तिला? त्याच्यानं बी नाय सांगवलं.

राजनंदिनीचा फोन आला. ‘नानांना कळलंय. काही तरी करा.’ काय करनार? दिवेलागनीला गोकुळ पहार घिऊन निघाला, म्हनला उपटूनच टाकतो रुळोबा. गेला तर आई तिथं दिवा लावून बसलेली. ‘आलास? ये, हात जोड,’ म्हनली. पोरानं पहार बांधाशी ठिवली आन हात जोडले.

नदीपलीकडच्या शिवराजच्या वावरात नवा खांब लागला. नानासाहेबांनी तिकडं बी चक्कर मारली, हलवून बघितला असंल, आन राजनंदिनीचं लगीन शिवराजशी लावून दिलं. आमच्यासमोर म्हनले, ‘आमचं काय वैर नाय. पन पैसा फॉरेनचा हाय, तो जिकडं जाईल तिकडं लेक.’ मालनबाईनं चतुराबाईला सगळं उलगडून सांगितलं, तव्हा ती दोन दिवस जेवली नाय. मी म्हनलो, आता तरी सोडा त्या खांबाला. तर म्हनली, ‘चांदपाशा, त्याचा काय दोष? खोटं तर मी बोलले. लेकराचं घर माझ्याच तोंडानं मोडलं.’

आन देवाची करनी बघा, पहिलं लगीन जमलं कुनाचं? रामकिसनचं, चपला काढून हात जोडले होते ना त्यानं! मंग त्याच्या चुलतभावाचं. झालं, बोंबाबोंब झाली, लगीन जमवनारा देव! पार कन्नड तालुक्यापासून आया येतेत, लग्नाची थोराड पोरं संगट घिऊन, नवस बोलतेत, नवस फेडतेत. ह्यांचे नारळ कोन फोडतो? गोकुळ, कंपनीला सुट्टी घिऊन.

गेल्या गुरुवारी मी मेथीला पानी देत होतो. फटफटीवरून शिवराज उतरला, मागं राजनंदिनी. गोकुळ जागचा हलला नाय, मान खाली, हातात नारळ. शिवराज बिचारा भोळा. म्हनला, ‘भाऊ, जरा नवस बोलायचाय. आमच्याकडं खांब लागला तो लागला, पुढं काहीच हालचाल नाय. म्हनतेत फॉरेनमधेच कुठं तरी पैसा अडकलाय. सासरे तर रोज फोन करून बोलतेत. रुळोबाला म्हनलं घाला साकडं.’

गोकुळनं नारळ फोडला. राजनंदिनीनं वाकून नमस्कार केला, उठताना एकदा त्याच्याकडं बघितलं, आन लगेच नजर काढून घेतली. मला पाह्यवलं नाय हो. चतुराबाई पुढं झाली, राजनंदिनीची ओटी भरली, तांदूळ, नारळ, नव्या खनाचा तुकडा. हिला सून म्हनून घरी आनायचं होतं तिनं! मंग तिच्या कानाशी लागली.

‘बाई, एक ऐक माझं. तुझ्या वावरातल्या खांबाला पानी बी घालू नको. हळद नको, कुंकू नको. तुझं तरी नीट होऊ दे.’

राजनंदिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. म्हनली, ‘मावशी, सासूबाईनं कालच शेंदूर लावला.’

चतुराबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आन म्हनली, ‘मंग काय बाई... पैसा फॉरेनचा हाय, आता आनिक पलीकडं जाईल. बस, च्या घिऊन जा. गोकुळ, दोन कप जास्ती टाक रे.’