चंद्रकलाचं कार्ड

त्र्याण्णव सालची गोष्ट. जिंतूरच्या स्टँडवर मी परभणीच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी आमच्या वाचनालयाचे माणिकराव वाचकांच्या कार्डांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. एक बाई लगबगीनं त्यांच्याजवळ आली.

“सायब, मी अंबाबाई. चारठाण्याच्या चंद्रकलाची माय.”

“बसा मावशी. कळलं मला. कावीळ झाली म्हणं?”

“आठ दिवसात गेलं लेकरू. वाचनालयात गेल्ते, तर म्हणले सायब कार्डं घेऊन परभणीला जायलेत.”

“हो. तिथं कॉम्प्युटर आलाय. आता सगळी नावं त्याच्यात भरायचीत.”

“चंद्रकलाचं बी?”

“जे वाचायला येतात त्यांचंच भरायचं, मावशी.”

“मग तिचं कार्ड मला द्या. तिचा फोटो न्हाई. तिच्या हातचं घरात कायबी न्हाई.”

“हे घ्या. पुस्तक नेताना इथं सही करायची ती. चौदा सह्या हायेत.”

“मला वाचता येत न्हाई. माझं बोट ठिवा त्याच्यावर.”

“ही पहिली. ही दुसरी. ही…”

“सावकाश, सायब. माझ्या गाडीला लय टाइम हाय.”