शेजारची खुर्ची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन माननीय बुधाजीकाका, व्यासपीठावरच्या सरपंच नूतनताई, पहिल्या रांगेत बसलेली माझी आई वेणूबाई, आणि जाळी तशीच टाकून आलेल्या माझ्या समस्त गावकऱ्यांनो,

काका आत्ता म्हणाले, 'आपल्या हरेश्वरने सिनेमे काढून गावाचं नाव उज्ज्वल केलं.' काका, तीन सिनेमे काढले. त्यातले दोन आईनेच पाहिले, आणि एकात ती झोपली. उज्ज्वल कसलं डोंबलाचं!

पहिला सिनेमा दोन खलाशांच्या प्रेमाचा. मीही तसाच, मला पुरुष आवडतात, हे मी आधीच पेपरात सांगून बसलो होतो. त्यामुळे याच सभागृहात तो दाखवला तेव्हा मी मागच्या दाराशी, चपला घालूनच उभा होतो. पळायची तयारी! आणि खरंच मोरूदादा ताडकन उठले. "बंद कर रं! भर ओहोटीत होडी खाडीत आलीच कशी? कोल्याचा पोर हायस का कोन?"

सगळे पोट धरून हसले. त्या दोघांच्या प्रेमाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. सुटलो म्हणून मी खूश! घरी गेलो, तर आईनेही काढला नाही. त्याला नऊ वर्षं झाली.

विनेश माझा जोडीदार, माझे सिनेमे संकलित करतो. दर शिमग्याला घरी येतो. आई त्याला सुरमईची मोठी तुकडी वाढते आणि शेजारणींना सांगते, "पोराचा दोस्त हाय." मोठी तुकडी मला कधीच नाही, ही तक्रारही इथेच नोंदवतो.

आपल्या सोसायटीत सत्कार जोडीचा होतो. दोन खुर्च्या, दोन शाली, दोन नारळ. मघाशी शेजारची रिकामी खुर्ची पाहून मी काकांना हळूच म्हटलं, "उचला हो, उगाच हसं होईल."

काका म्हणाले, "मी न्हाय मांडली. तुझी आय सकाळीच मांडून गेली. म्हनाली, विनेशला बसवा. आमचा पोरगा भित्रा हाय, तो काय बोलवायचा न्हाय."

आई, नऊ वर्षं मी तुझ्या एका शब्दासाठी झुरलो गं. मी कधी तुला विचारलं का पण? नाही विचारलं. घाबरलो.

असो. आपण एवढं प्रेम दिलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपलाच पोर म्हणून पोटात घाला, आणि ती ओहोटीही.

विनेश, तू मागे दाराशी चपला घालून उभा आहेस, मला इथून दिसतंय. काढ त्या, आणि वर ये. आईने जागा धरलीय.