ओदेतची मिसा

—नाही, बोर्डावर लिहिलंय ते खरंच आहे. केजन-क्रेओल. अमेरिकेतलं जेवण, हो, तोंडवलीत. सुरमई थाळी सगळेच मागवतात हो, पण हा वाडगा साल्वादोरने आपणहून पाठवलाय, तेव्हा खावा लागेल. गंबो म्हणतात. कुर्ल्या, कोळंबी आणि भेंडी — असं तोंड करू नका, त्याला आतून दिसतं. साल्वादोर म्हणजे माझा नवरा. बोटीवर कुक होता. न्यू ऑर्लिन्सला बोट दुरुस्तीला अडकली, आणि हा रोज ओदेत नावाच्या बाईच्या खानावळीत. विधवा होती. जेवायला आणि शिकायला — तो एवढंच सांगायचा, मी एवढंच विचारायची. परत आला तो हे हॉटेल घालून बसला. पीठ तेलात परतायचं, काळपट होईस्तोवर, हात थांबवायचा नाही — तेव्हा घराला आग लागली तरी त्याला हाक मारायची नाही. मी मात्र तो गंबो कित्येक वर्षं चाखला नाही. का म्हणजे? मला भेंडी आवडत नाही. म्हणजे — आवडते.

मग दोन हजार पाचला ते वादळ झालं, तिचं शहर पाण्यात गेलं. टीव्हीवर माणसं छपरांवर बसलेली, आणि हा नाक लावून एकेक छप्पर बघतोय. फोन लागेना. नाताळापर्यंत थांबला, मग ती गेलीच असं धरून चर्चमध्ये तिच्या नावाने प्रार्थनेची मिसा ठेवली आणि अख्ख्या वाडीला गंबो घातला. बायका विचारतात, कोण गेली गो? मी वाढता वाढता सांगते, लांबची. खोटं काय त्यात, अमेरिका लांबच. शेजारचा बाबली तीनदा वाढून घेऊन जेवला, कोण मेलं ते त्याला अजून ठाऊक नाही. त्या दिवशी मीपण खाल्ला — मेलेल्याच्या नावाचं जेवण, नाही कसं म्हणणार? चांगला होता. फार चांगला होता, तोच तर त्रास.

आणि मे महिन्यात फोन वाजला. मी उचलला. बाईचा आवाज — ‘साल्वादोर?’ एवढंच कळलं. मी आत हाक मारली, “साल्वादोर, धाव रे, तुझी मेलेली बाई फोनार आसा!” टेक्सासला बहिणीकडे होती, आमचा नंबर घराबरोबर वाहून गेलेला, तो शोधायला इतके महिने लागले. हा फोन धरून रडला. चुलीवर पीठ जळत होतं — मीच उतरवलं.

मला? मला बरं वाटलं. देवाशपथ. अहो, मेलीशी काय भांडणार? जिवंत निघाली तेव्हा कुठे तोंड उघडलं मी — कोण ती तुझी? तो पातेलं घासायला बसला. मग म्हणाला, “थंयच रवतलंय म्हणान तिका सांगलेलां. मगे तुझी आठवण इली.”

तिथेच राहणार होता, आणि मग म्हणे आठवण! लग्नाच्या बायकोची — आठवण! आठवडाभर भांडले, पोटभर भांडले. आता तिचा फोन आला की आधी मीच बोलते. इंग्रजी येत नाही, तरी बोलते. तिलाही काही कळत नाही. हसते.

काय हो, माझ्याकडे काय बघताय? गिऱ्हाईक आहात ना? जेवा.