घाबरणारीचं नाव

हळू बोला. तुम्ही हळूच बोलताय, कळतंय मला, पण दारात ते 'अभिनंदन' केलंत ना, ते आतल्या खोलीपर्यंत गेलं असणार — बाबा आत पडलेत, झोपलेले नाहीत, नुसते पडलेत, आणि पडलेल्या माणसाला जास्त ऐकू येतं. बसा. त्या खुर्चीत नको, ती करकरते. आणि हा केक कशाला आणलात? ठेवा तिथे, पण खोका उघडू नका, आता हा कुठून आला ते घरात काय सांगायचं, हे मलाच शोधत बसावं लागणार. गोड बातमी म्हणे! कोणाला गोड? मी दोनदा आले होते तुमच्या मालिकेच्या ऑफिसात, शेवटी नावांच्या पाट्या येतात त्यात इकडेही माझं नाव द्या म्हणून — आठवतं? नाहीच आठवणार, तुम्ही मान वर केली नव्हतीत. 'बघू' म्हणालात. तेव्हा द्यायचं होतं. तेव्हा बाबा नोकरीत होते, संध्याकाळचे घरी नसायचे.

नियम मला नका समजावू, माझ्यामुळेच तो नियम तुम्हाला कळला. तुमच्या मालिकेत नायिका दिसते ती एक, बोलते ती दुसरी, आणि घाबरते ती मी. किंचाळणं, दचकणं, हुंदके, जिन्यावरून पडताना निघतो तो आवाज — सगळं माझं. मालिका परदेशात गेली की तिकडच्या बायका तिचं बोलणं आपल्या भाषेत नव्यानं भरतात, पण किंकाळीला कसली आलीय भाषा? ती बसवलीय दारं आपटणं, काचा फुटणं, संगीत, या सगळ्याबरोबर — ती जशीच्या तशी जाते. म्हणजे देश बदलला की तुमच्या नायिकेची जीभ बदलते, घसा माझाच राहतो. आणि तिकडच्या कलाकारांच्या संघटनेनं तुम्हाला दरडावलं, की ज्याचा घसा ऐकू येतो त्याचं नाव आलंच पाहिजे, म्हणून तिकडे मी आहे, आख्खी, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. जिथे मला कुत्रं ओळखत नाही तिथे! आणि इकडे आजवर काय होतं? 'आणि इतर.' मी इतर. चालत होतं मला. हो, नंतर चालायला लागलं. आता तुम्हाला दोन-दोन प्रकारच्या पाट्या सांभाळायचा कंटाळा आला, म्हणून सोमवारपासून तिकडचीच नावं इकडेही लावणार, आणि वर माझ्यावर उपकार केल्यासारखे कागद घेऊन आलात. सही नाही केली तर 'इतर'च राहीन ना? मग राहू दे. नाही करणार सही.

अगं आई! — बंद करा तो फोन! बंद करा आधी. हसताय काय? हो, हाच तो आवाज, यासाठीच बोलावता मला. तुमचा तो रेकॉर्डिंगवाला काय करतो माहितीये? माझ्या पाठीमागे पत्र्याचा डबा आपटतो. कधी आपटणार ते सांगत नाही, आधी सांगितलं तर मी नाटक करते म्हणतो, खोटं वाटतं म्हणतो. काचेपलीकडच्या सगळ्यांना माहीत असतं, मला सोडून. आणि नंतर टाळ्या. तुमचे दिग्दर्शक तर म्हणाले, बाकीच्यांची किंकाळी बाहेर पडते, हिची आत जाते, अंगावर काटा येतो, कुठे शिकलीस? मी म्हटलं, कॉलेजच्या नाट्यमंडळात. दुसरं काय सांगणार?

नाही, लाजबीज नाही, तसले नाहीत बाबा. मी भाषांतराच्या ऑफिसात जाते असं त्यांना वाटतं, ते वेगळं. ते बघतात ना ही मालिका. रोज. आवडते म्हणून नाही, शिव्या घालत बघतात, आणि शेवटची नावं संपेपर्यंत उठत नाहीत — छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेला, वेशभूषा, रंगभूषा, सगळं मोठ्यानं वाचतात, एखादा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ मिळाला की रात्रभर खूश. मी शेजारी भाजी निवडत बसलेली असते. आणि किंकाळी आली की त्यांचा हात रिमोटकडे जातो. आवाज कमी करतात. नायिका रडते, भांडते, तेव्हा नाही हं — माझी आली की. आणि म्हणतात, 'शेजारी ऐकतील.' टीव्हीला! अहो, टीव्हीला कोणी असं म्हणतं का? टीव्हीला नाहीच ते. ते मला म्हणायचे तेच आहे, मी शाळेत असताना, पट्टा काढला की आधी हेच —

काही नाही. पाणी हवंय? नकोय ना? मग ऐका. उशीत तोंड खुपसून ओरडायचं असेल तर आवाज बाहेर सोडून भागत नाही, आत ओढावा लागतो, ही तुमची ती काटा आणणारी कला. भिंतीपलीकडच्या बाईपर्यंत जी एकदाही पोचली नाही, ती तुम्ही समुद्रापलीकडे पोचवलीत, छान केलंत! माझ्याकडे असं बघू नका. त्यांच्या हाताला ओळख पटलीय, त्यांना अजून नाही पटलेली. आणि सोमवारी ते नाव वाचतील, मोठ्यानं, स्वतःचंच नाव मध्ये असलेलं, आणि मग या खोलीत आम्ही दोघंच असू. तुम्ही असाल का तेव्हा इथे? केक घेऊन? नसाल ना? मग तो कागद उचला आणि —

बाबा! उठलात? नाही, कोणी नाही — कुरियर आहे. माझं आहे, तुमचं नाही. हो, सहीसाठीच थांबलेत. मोठ्यानं? मी नव्हते मोठ्यानं बोलत... बरं, बोलत असेन. नाही, आणू नका चष्मा. नाही म्हटलं ना, बाबा, हे तुम्ही तपासायचं नाही. सगळंच काय तुम्ही तपासायचं? माझ्या सहीचा कागद आहे, मी वाचलाय, मला कळतो. हात मागे घ्या. घ्या म्हणते ना.

पेन द्या हो, दादा. बघता काय, द्या पेन. इथेच ना, खाली? आणि या ओळीत पूर्ण नाव — लिहिते. अक्षर लागलं नाही तर ऑफिसातून फोन करून विचारा, पण चुकीचं छापू नका, आमच्याकडे लगेच सापडतं. झालं. घ्या. आता जा तुम्ही. जा म्हटलं ना! दार ओढू नका. राहू दे ते उघडं.