न चावता गिळायचा गोळा

पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागली, खोली तेवढी मिळेना. शालनबाईंची खोली रिकामी झाल्याचं कळलं, म्हणून भैरू ट्रंक घेऊन चिंचवडला उतरला. स्टेशनच्या नळावर रांगेत उभा राहिला, तर पुढं दोन बाया.

"शालनबाई, तुमचा आफ्रिकेचा भाडेकरू गेला म्हनं?"

"गेला परत आपल्या देशाला, तिकडं आफ्रिकेत गोल्ड कोस्टला. जाताना उकडलेली कोनफळं माझ्याच उखळात कुटून गोळा केला, कोंबडीचा शेंगदाणे घालून रस्सा केला."

"तुमी खाल्लं?"

"व्हय, त्याच्याच ताटात! गोळा रश्श्यात बुडवायचा अन् न चावता गिळायचा. लई ग्वाड!"

"तुमी बाटला न्हाई?"

"सायबाचा कसला इटाळ?"

"मंग आता खोली?"

"कारखान्यातला कुनी येनार हाय. आधी जात इचारनार. महारवाड्यातला असंल तर उंबऱ्याला शिवू द्यायची न्हाई."

भैरूनं ट्रंक खांद्यावर टाकली.

"त्यो मीच, शालनबाई. येत न्हाई आता. तुमचा उंबरा उशाला घेऊन झोपा!"