चिंचेनं घासलेलं व्हायोलिन

घरातली जुनी वस्तू विकायला काढलीत तर आधी घासू नका बायांनो, माझं ऐका. आमची छकुली तीन वर्षांची होती, तिला नीट ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी कानाचं ऑपरेशन सांगितलं होतं. तेवढ्यात पेपरात आलं, की इटलीतल्या एका जुन्या कारागिराचं व्हायोलिन लिलावात कोटींना गेलं. माझ्या सासऱ्यांच्या व्हायोलिनच्या पोटात चिठ्ठी होती, तिच्यावर तेच नाव!

विकायचं तर चांगलं दिसावं, म्हणून मी ते देवाच्या भांड्यांसारखं चिंच-राखेनं घासलं. आमच्या शहरात द्वारका चौकाजवळ वाद्यं दुरुस्त करणारे एक काका होते, त्यांच्याकडं नेलं आणि कारागिराचं नाव सांगितलं.

"ताई, ह्याचा रंग कुठं गेला?"

"मळला होता, घासून काढला."

"अहो, तो माणूस म्हातारपणापर्यंत स्वतः लाकूड तासायचा. रंगाचा एकेक थर वाळू द्यायचा. त्या रंगाचीच तर किंमत!"

मी कडेवरच्या छकुलीला घट्ट धरलं. "म्हणजे पोरीचं ऑपरेशन मी घासून टाकलं का हो?"

काका छकुलीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "नाही हो. कारखानेवाले हजारो व्हायोलिनांत असली चिठ्ठी चिकटवतात. हे त्यातलंच."

ऑपरेशन माझ्या पाटल्या मोडून झालं. आता छकुलीला सगळं ऐकू येतं. परवा हे ऐकून तिनं विचारलं, "आई, ते काका खरं बोलले का गं?"

मी म्हटलं, "काय माहीत. चिठ्ठी त्यांनी बघितलीच नाही, तुलाच बघितलं."